बस्टर कीटनचे मूकपट कसे पाहावेत: प्रत, वेग, क्रम आणि नजर

बस्टर कीटन या अमेरिकी विनोदी नट-दिग्दर्शकाचे जवळजवळ सगळे मूकपट आज इंटरनेटवर फुकट मिळतात, आणि अडचण तिथूनच सुरू होते. 'द जनरल' शोधायला गेलं की एकाच चित्रपटाच्या ढीगभर प्रती समोर येतात. एक सव्वा तासाची, दुसरी पावणेदोन तासांची. एकीत माणसं लगबगीने धावतात, दुसरीत पाण्याखाली चालल्यासारखी हलतात, तिसरीत चेहरे इतके पांढरेफटक की डोळेच दिसत नाहीत. जी लिंक पहिली दिसली ती उघडली तर वाईट प्रत पदरी पडण्याची शक्यता जास्त, आणि वाईट प्रतीत कीटन खरोखर कंटाळवाणा वाटतो. त्याचा विनोद अंतरावर, वेळेवर आणि डोळ्यांतल्या बारीक बदलांवर उभा आहे. चौकट कापली गेली, वेग बिघडला, डोळे दिसेनासे झाले की मागे उरते नुसती पळापळ.

ज्यांनी कीटन अजून पाहिलेला नाही, किंवा एकदा अर्धवट पाहून सोडून दिला, त्यांनी पुढच्या क्रमाने जावं.

आधी एवढं माहीत असावं

जन्म 4 ऑक्टोबर 1895, कॅन्सस राज्यातल्या पिक्वा गावी. आईवडील गावोगाव फिरून खेळ करणारे कलावंत. पोर चालायला लागल्यावर थोड्याच काळात रंगमंचावर आलं आणि 'द थ्री कीटन्स' असा तिघांचा खेळ तयार झाला. या खेळात बाप पोराला उचलून रंगमंचभर भिरकावत असे; धरायला सोपं जावं म्हणून पोराच्या कपड्यांना मागून बॅगेची मूठ शिवलेली असायची. पडायचं कसं, अंग सैल कुठे सोडायचं, हात कधी टेकायचा हे कीटन अक्षरओळख होण्याआधी शिकला. त्याच वयात त्याला आणखी एक गोष्ट उमगली: पडल्यावर आपण हसलो तर प्रेक्षक कमी हसतात, चेहरा कोरा ठेवला तर जास्त हसतात. तो पुढे जगप्रसिद्ध झालेला निर्विकार चेहरा इथला आहे.

1917 मध्ये न्यू यॉर्कला रॉस्को आर्बकल या विनोदी नटाने त्याला आपल्या 'द बुचर बॉय' या छोट्या चित्रपटात घेतलं. कीटनचं लक्ष लगेच कॅमेऱ्याकडे वळलं. आतली यंत्रणा कशी चालते हे समजून घेतल्याशिवाय त्याला चैन पडेना. मध्ये पहिल्या महायुद्धात फ्रान्सला लष्करी नोकरी झाली, तिथे त्याची ऐकण्याची शक्ती कमी झाली. 1920 मध्ये निर्माता जोसेफ शेंक याने त्याला हॉलिवूडमध्ये स्वतंत्र स्टुडिओ दिला. शेंक पैसा पुरवी आणि कामात फारशी ढवळाढवळ करत नसे. 1920 ते 1923 या काळात 19 दोन-रिळी लघुपट, आणि 1923 ते 1928 मध्ये या स्टुडिओचे दहा पूर्ण लांबीचे चित्रपट. तुम्हाला पाहायचा आहे तो हा ऐवज.

हे सगळं एका छोट्या, कायमच्या चमूने केलं. छायाचित्रकार एल्जिन लेस्ली, यंत्रं आणि सेट उभारणारा फ्रेड गॅबोरी, गॅग (म्हणजे हसवणारे छोटे प्रसंग) रचणारे क्लाइड ब्रकमन, जाँ हावेझ आणि जोसेफ मिचेल. लिहिलेली पटकथा नसायची. सुरुवात ठरवायची, शेवट ठरवायचा, मधलं चित्रीकरण करता करता सापडेल असा विश्वास. एखाद्या ठिकाणी गाडं अडलं की सगळे उठून बेसबॉल खेळायला जात. ही पद्धत लक्षात ठेवा. 1928 नंतर काय बिघडलं ते तिच्याशिवाय कळत नाही.

प्रत कशी निवडावी

आधी लांबी बघा, कारण लांबीवरून वेग कळतो. 35 मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात 16 चौकटी असतात आणि एक रीळ साधारण हजार फुटांचं, म्हणजे 16,000 चौकटी. सेकंदाला 24 चौकटींच्या वेगाने हे रीळ सुमारे 11 मिनिटांत संपतं, 20 च्या वेगाने 13 मिनिटं 20 सेकंदांत, 18 च्या वेगाने जवळपास 15 मिनिटांत. दोन-रिळी लघुपट 20 ते 25 मिनिटांचा असेल तर ठीक समजा (काही मुळातच आखूड आहेत, 'कॉप्स' जेमतेम 18 मिनिटांचा). 'शेरलॉक ज्युनिअर' 45 मिनिटांच्या आसपास, 'द नॅव्हिगेटर' तासाभराचा, 'स्टीमबोट बिल, ज्युनिअर' 70 मिनिटांचा, 'अवर हॉस्पिटॅलिटी' आणि 'द जनरल' सव्वा तास किंवा थोडे जास्त. 'द जनरल'ची पावणेदोन तासांची प्रत म्हणजे ती फार मंद वेगाने चालवलेली आहे. तिच्यात नवीन दृश्यं नसतात, आहे तेच ताणलेलं असतं.

वेगाचा घोळ मुळात होतो कुठे? मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवत. पुस्तकी आकडा सेकंदाला 16 चौकटींचा, पण 1920 च्या दशकात प्रत्यक्ष वेग त्याहून बराच वर गेला होता. त्यातून ऑपरेटर चित्रपटगृहात आणखी वेगाने चालवत, आणि चित्रपट करणाऱ्यांना ते ठाऊक असे. बोलपट आल्यावर 24 हा आकडा पक्का झाला. 18 च्या वेगाने घेतलेली फिल्म 24 ने चालवली की हालचाल एक तृतीयांशाने जलद होते. काही गॅगमध्ये कीटनने मुद्दामच कॅमेरा हळू फिरवला आहे, म्हणजे पडद्यावर वेग वाढावा. त्यामुळे पूर्ण चित्रपटाला चपखल बसणारा एकच आकडा शोधू नका.

परीक्षा घ्यायची ती पाण्यावर आणि धुरावर. नट आपली चाल बदलू शकतो, पडणारं पाणी बदलू शकत नाही. 'अवर हॉस्पिटॅलिटी'तला धबधबा, 'द जनरल'मधली नदी आणि इंजिनाचा धूर पाहा. पाणी नैसर्गिक पडत असेल तर प्रत चालेल. पाणी घाईने कोसळत असेल तर यूट्यूबच्या सेटिंगमध्ये वेग 0.75 करा, 24 चं 18 होतं. व्हीएलसी प्लेयरमध्ये उघडणारा चौकोनी कंस दाबला की वेग दहाव्या हिश्शाने कमी होतो, बंद होणारा दाबला की वाढतो, आणि बरोबरचं चिन्ह दाबलं की पूर्ववत होतो. 0.8 बहुतेक वेळा पुरतं. असा वेग बदलताना आवाज बंद ठेवा, संगीत विचित्र ओढलं जातं.

दुसरी परीक्षा चेहऱ्याची. कीटन चेहऱ्यावर दाट पांढरा रंग लावत असे. खराब प्रतीत तो पांढरा गोळा होतो, आणि मग लोक म्हणतात की याच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही. डोळ्यांची बुबुळं, पापण्या आणि भुवयांखालची सावली स्पष्ट दिसत नसेल तर ती प्रत सोडा, बाकी काहीही चांगलं असलं तरी.

नवी, चांगली प्रत कुणाची हे ओळखायचं तर बोलोन्याचं सिनेटेका, पॅरिसचं लॉब्स्टर फिल्म्स, अमेरिकेतलं कोहेन फिल्म कलेक्शन आणि किनो, इंग्लंडचं युरेका ही नावं सुरुवातीच्या पाटीवर शोधा. 'द कॅमेरामन' मात्र क्रायटेरिअन या कंपनीचा घ्यावा. ब्लू-रे मागवत असाल तर विभाग तपासा: भारत क (C) विभागात येतो, अमेरिका अ (A) मध्ये, इंग्लंड ब (B) मध्ये. विभागाचं कुलूप असलेली परदेशी तबकडी इथल्या साध्या प्लेयरवर लागत नाही.

एकाच चित्रपटाच्या दोन प्रतींत दृश्यं थोडी वेगळी दिसली तर दचकू नका. त्या काळी परदेशी वितरणासाठी दुसरी निगेटिव्ह तयार करत, दुसऱ्या कॅमेऱ्यातून किंवा दुसऱ्या टेकमधून. 'स्टीमबोट बिल, ज्युनिअर'च्या अशा दोन आवृत्त्या आज मिळतात. 'द ब्लॅकस्मिथ'ची तर बरीच वेगळी आवृत्ती 2013 मध्ये अर्जेंटिनात सापडली; त्यामुळे हा लघुपट पाहताना कोणती आवृत्ती आहे हे वर्णनात वाचून घ्या. 'डेड्रीम्स' आणि 'हार्ड लक' पूर्ण अवस्थेत उरलेले नाहीत. मधे अचानक स्थिरचित्रं किंवा समजावणाऱ्या पाट्या आल्या तर ती प्रतीची चूक समजू नका. फाळक्यांच्या मूकपटांचे आज तुकडेच हाती आहेत हे ठाऊक असलेल्या मराठी प्रेक्षकाला कीटनचं इतकं काम टिकलं याचं मोल वेगळं सांगायला नको. त्यातलं काही केवळ योगायोगाने टिकलं: अभिनेता जेम्स मेसनने कीटनचं जुनं घर विकत घेतलं होतं, 1950 च्या दशकात तिथल्या आवारात त्याला कीटनची रिळं सापडली.

टीव्हीची सेटिंग

हे पाच मिनिटांचं काम आहे आणि बहुतेक जण ते करत नाहीत. मूकपटाची चौकट 4:3, म्हणजे जवळपास चौकोनी. आजचा टीव्ही 16:9. आकार 'ओरिजिनल' किंवा '4:3' वर ठेवा, दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसू द्या. टीव्हीने चित्र आडवं ताणलं की कीटन बुटका, फुगलेला दिसतो. पडदा भरण्यासाठी वरून-खालून कापलं तर त्याहून वाईट, कारण कीटन डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण दिसेल अशीच चौकट लावतो. पाय कापले की अर्धा अभिनय गेला.

मग हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. कंपनीनुसार तिचं नाव बदलतं, चित्राच्या प्रगत सेटिंगमध्ये 'मोशन' शब्द असलेलं काहीतरी असतं. ती चालू असेल तर टीव्ही दोन चौकटींच्या मध्ये स्वतः बनवलेल्या चौकटी घालतो आणि वेगाने फिरणारा हातपाय धुरकट होतो. खोली अंधारी ठेवा. मोबाइलवर पाहू नका; 'द जनरल'मध्ये मागे टेकडीवरून अख्खं सैन्य निघून जातं आणि पुढे कीटन लाकडं फोडत असतो. तो गॅग सहा इंचांच्या पडद्यावर दिसतच नाही.

संगीत आणि पाट्या

मूकपट मुका कधीच दाखवला जात नसे. चित्रपटगृहात पियानो, ऑर्गन किंवा वाद्यवृंद असे. पण फुकटच्या प्रतींवर कुणीतरी एकच पियानोची धून वरून चिकटवलेली असते, जिचा दृश्याशी संबंध नसतो. दहा मिनिटांत तीच धून तिसऱ्यांदा आली की आवाज बंद करा आणि शांततेत पाहा. चांगल्या संगीतासह पाहायचं असेल तर कार्ल डेव्हिस, रॉबर्ट इस्राएल किंवा टिमथी ब्रॉक यांची नावं असलेल्या प्रती शोधा.

कीटन पाट्या फार कमी वापरायचा. शब्दांनी सांगणं त्याला कमीपणाचं वाटे. त्यामुळे इंग्रजी न वाचणारी आजी किंवा सहा वर्षांचं नातवंड सोबत असेल तरी अडत नाही, एकाने पाटी मराठीत मोठ्याने सांगायची एवढंच. काही ठिकाणी मात्र चित्रातलं अक्षर चुकलं की गोष्ट हुकते. 'शेरलॉक ज्युनिअर'मध्ये नायक एका डॉलरची चॉकलेटं घेतो आणि खोक्यावरचा 1 चा 4 करतो. तिकडे खलनायक चोरलेलं घड्याळ 4 डॉलरला गहाण टाकून ती पावती नायकाच्या खिशात सरकवतो. दोन्हीकडे 4 म्हणून नायकावर आळ येतो. ही साखळी आधी सांगून ठेवा, नाहीतर पोरं विचारत राहतात की याला घराबाहेर का काढलं. 'वन वीक'मध्ये तयार घराचे भाग आकडे घातलेल्या खोक्यांतून येतात आणि हेव्याने पेटलेला प्रतिस्पर्धी आकडे बदलतो, तेही सांगावं.

मराठी सबटायटल स्वतः करायची असतील तर एसआरटी फाइल यूटीएफ-8 एन्कोडिंगमध्ये जतन करा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा चौकोन दिसतात. ओळ 35 ते 40 अक्षरांची, एका वेळी दोनच ओळी. पाटीवर इंग्रजी असतानाच मराठी दाखवा, चित्र सुरू झालं की काढून टाका. कीटनच्या पायाशी अक्षरं नकोत.

कोणत्या क्रमाने

याद्यांमध्ये 'द जनरल' सगळ्यात वर असतो म्हणून लोक तिथून सुरुवात करतात. आमच्या मते तो तिसऱ्या-चौथ्या बैठकीला पाहावा. त्यातला विनोद संथपणे रचत नेलेला आहे, आणि कीटनच्या चालण्या-थांबण्याची सवय झाल्यावर तो दुप्पट खुलतो.

पहिली बैठक: 'वन वीक' (1920) आणि 'कॉप्स' (1922), मिळून पाऊण तासाच्या आत. मुलं असतील तर 'द स्केअरक्रो' (1920) जोडा. त्यातल्या एका खोलीच्या घरात प्रत्येक वस्तू दोन कामं करते आणि जेवणाच्या टेबलावर मीठमिरी दोऱ्यांनी लटकून येते-जाते.

दुसरी बैठक: 'शेरलॉक ज्युनिअर' (1924), एकटाच. लागोपाठ दोनदा पाहिला तरी दीड तास होतो, आणि तो दोनदा पाहण्याजोगा आहे. चित्रपटगृहातला ऑपरेटर झोपतो आणि स्वप्नात पडद्यावरच्या चित्रपटात शिरतो. मग तो जागेवर असतो आणि मागचं दृश्य बदलत राहतं: बागेतला बाक, रहदारीचा रस्ता, कड्याचं टोक, सिंह, वाळवंट, समुद्रातला खडक, बर्फ. प्रत्येक बदलात त्याचं शरीर जिथल्या तिथे राहावं म्हणून कॅमेऱ्यापासूनचं अंतर सर्व्हेची उपकरणं वापरून मोजलं होतं. याच चित्रपटात तो रेल्वेच्या पाण्याच्या टाकीच्या नळाला लटकतो आणि पाण्याच्या लोटाने खाली आपटतो. तेव्हा मानेचं हाड मोडलं होतं, हे त्याला बऱ्याच वर्षांनी वैद्यकीय तपासणीत कळलं. पडद्यावर जे दिसतं ते त्या अपघाताचंच दृश्य आहे, आणि तो उठून पळतो.

तिसरी: 'द नॅव्हिगेटर' (1924), एक रिकामं जहाज आणि दोन लाडावलेली श्रीमंत माणसं. खरंखुरं 'बफर्ड' नावाचं जहाज मिळालं म्हणून हा चित्रपट सुचला. पाण्याखालचा भाग टाहो सरोवरात घेतला, तिथलं पाणी इतकं गार की थोड्या थोड्या वेळाने वर यावं लागे.

चौथी: 'द जनरल' (1926). पाचवी: 'स्टीमबोट बिल, ज्युनिअर' (1928). मग 'अवर हॉस्पिटॅलिटी' (1923), 'सेव्हन चान्सेस' (1925) आणि 'द कॅमेरामन' (1928) कोणत्याही क्रमाने. 'कॉलेज' आणि 'बॅटलिंग बटलर' नंतर, हौस टिकली तर.

दोन गोष्टी सोबतच्यांना आधीच सांगाव्यात. 'द जनरल' अमेरिकी यादवी युद्धातल्या 1862 च्या खऱ्या इंजिन-चोरीवर बेतलेला आहे, पण कीटनने नायक दक्षिणेच्या बाजूचा केला, आणि ज्या गुलामगिरीसाठी दक्षिण लढत होती ती चित्रपटात कुठेच दिसत नाही. तसंच 'सेव्हन चान्सेस', 'कॉलेज' आणि 'द प्लेहाऊस'मध्ये चेहऱ्याला काळं फासून केलेली कृष्णवर्णीयांची थट्टा आहे. ते भाग आज बघवत नाहीत. कापून दाखवू नका. काय आहे ते सांगा आणि पुढे चला.

काय शोधायचं

एक गॅग धरून तो वर्षांमागून कसा वाढला ते पाहणं हा कीटन समजून घेण्याचा आम्हाला सापडलेला सर्वांत चांगला मार्ग. कोसळणारी भिंत घ्या. आर्बकलच्या 'बॅक स्टेज'मध्ये (1919) रंगमंचावरचा हलका पडदा-सेट कोसळतो आणि आर्बकल खिडकीच्या भोकातून सहीसलामत वाचतो. 'वन वीक'मध्ये लाकडी घराची भिंत कीटनवर येते. 'स्टीमबोट बिल, ज्युनिअर'मध्ये वादळात पूर्ण दर्शनी भिंत, तिचं वजन दोन टन सांगतात, उभ्याच्या उभी त्याच्यावर पडते आणि वरच्या मजल्याची उघडी खिडकी बरोबर त्याच्या अंगावरून जाते. दोन्ही बाजूंना काही इंचांचीच मोकळीक होती. तीन दृश्यं ओळीने लावा. वजन वाढत गेलं तसा कीटन कमी कमी हलतो. शेवटच्या वेळी तो मान चोळत नुसता उभा आहे. या दृश्यात कॅमेरा दूर आणि स्थिर आहे, कुठेही कट नाही, कारण कट आला की प्रेक्षकाला फसवणुकीची शंका येते. हे वादळही मुळात नव्हतं: कथेत पूर होता, पण 1927 मध्ये मिसिसिपीला खरा महापूर आला म्हणून सॅक्रामेंटो नदीच्या काठी उभारलेल्या गावावर चक्रीवादळ आणलं.

'द जनरल'मध्ये इंजिन पाहा. खिन्न कीटन इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर बसतो, इंजिन हलतं, दांडा त्याला घेऊन वर-खाली जातो, त्याला भान नाही. वाफ जरा जास्त सुटली असती आणि चाक जागेवर गरगरलं असतं तर तो चिरडला असता. नंतर तो इंजिनाच्या पुढच्या जाळीवर बसून, हातातला लाकडी स्लीपर (रुळांखालचा ओंडका) रुळावर पडलेल्या दुसऱ्या स्लीपरच्या टोकावर फेकतो आणि दोन्ही रुळाबाहेर उडतात. एकच फेक, चालत्या इंजिनावरून. पूल कोसळून इंजिन नदीत पडतं ते खरं इंजिन आहे, मॉडेल नव्हे. 23 जुलै 1926 ला ओरेगॉनमधल्या कॉटेज ग्रोव्हजवळ ते एकदाच घेतलं. त्या इंजिनाचा सांगाडा दुसऱ्या महायुद्धापर्यंत नदीतच होता. चित्रपटाने तेव्हा पैसे मिळवले नाहीत आणि समीक्षकांनीही नाक मुरडलं. 1989 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत निवडलेल्या पहिल्याच तुकडीत तो होता.

चेहऱ्याबद्दल: 'दगडी चेहरा' हे बिरुद बाजूला ठेवा. एका दृश्यात फक्त पापण्यांकडे लक्ष द्या. संकट दिसलं की त्या एकदा मिटतात, मग नजर मोजमाप घेऊ लागते, मग शरीर हलतं. हा क्रम पकडता आला की पुढचा गॅग कुठून येणार ते अर्धा सेकंद आधी कळायला लागतं आणि तिथे त्याने तुम्हाला फसवलं की आनंद दुप्पट होतो.

लघुपटांत आणखी एक जरूर पाहावा: 'द प्लेहाऊस' (1921). याच्या सुरुवातीच्या भागात रंगमंचावरचे, वादकांचे आणि प्रेक्षकांचे सगळे चेहरे कीटनचे. भिंगापुढे झडपा लावून चौकटीची एक पट्टी उघडायची, एक कीटन टिपायचा, फिल्म मागे घ्यायची, पुढची पट्टी उघडायची. एका दृश्यात ओळीने नऊ कीटन आहेत. प्रत्येक वेळी हाताने फिरणारा कॅमेरा अगदी त्याच लयीत चालला पाहिजे, नाहीतर नऊ जण एकत्र नाचणार नाहीत. लेस्लीचा हात किती पक्का होता याचा हा पुरावा.

त्याची चपटी टोपी करून पाहायची असेल तर कृती त्याने स्वतः सांगून ठेवली आहे. चांगली स्टेट्सन (रुंद काठाची फेल्टची) टोपी कापून उंची कमी करायची, चहाच्या कपभर कोमट पाण्यात साखरेचे तीन शिगोशीग चमचे विरघळवायचे, त्या पाण्याने कड वरून-खालून भिजवायची आणि स्वच्छ, कडक, सपाट जागेवर कडक होईपर्यंत वाळू द्यायची.

1928 नंतरचं काय करायचं

सोडून देऊ नका, पण निवडून पाहा. 1928 मध्ये शेंकच्या सल्ल्याने कीटन एमजीएम या बड्या स्टुडिओकडे गेला आणि ती आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक होती असं तो पुढे म्हणाला. पहिला 'द कॅमेरामन' अजून त्याच्या हाताचा आहे. कपडे बदलायच्या कोंदट खोलीत दोन माणसं अडकतात ते दृश्य आणि रिकाम्या यांकी स्टेडियममध्ये त्याने एकट्याने खेळलेला बेसबॉल पाहा. त्यानंतर लगेच 'फ्री अँड ईझी' (1930) ची दहा मिनिटं लावा. फरक अंगावर येतो.

आवाज आला म्हणून कीटन संपला, ही समजूत चुकीची आहे. त्याचा जाड, खरखरीत आवाज चेहऱ्याला शोभणारा होता आणि एमजीएमचे त्याचे बोलपट चांगला धंदा करत होते. काहींच्या स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन आवृत्त्यांतही त्याने पाठ केलेले संवाद स्वतः म्हटले. गेला तो चमू. पटकथा आधी मंजूर करून घ्यायची, चित्रीकरण ठरलेल्या दिवसांत उरकायचं, जोखमीची कामं दुसऱ्याने करायची. मध्येच थांबून बेसबॉल खेळायला आणि मधला भाग शोधायला जागाच उरली नाही. 'सेव्हन चान्सेस'च्या चाचणी खेळात तीन दगड चुकून घरंगळले, लोक हसले, म्हणून त्याने परत जाऊन डोंगरभर नकली दगडांचा पाठलाग रचला होता. स्टुडिओच्या वेळापत्रकात असा दगड घरंगळत नाही. त्यातच दारू वाढली, 1932 मध्ये पहिला संसार मोडला, 1933 मध्ये स्टुडिओने काढून टाकलं.

1930 च्या दशकातले स्वस्त लघुपट अभ्यासकांसाठी आहेत. 1940 मध्ये एलिनॉर नॉरिसशी लग्न झाल्यावर आयुष्य सावरलं, 1949 मध्ये समीक्षक जेम्स एजी याच्या 'लाइफ' नियतकालिकातल्या लेखाने लोकांना मूकपटांच्या विनोदाची आठवण करून दिली, आणि कीटन पुन्हा दिसू लागला. 'सनसेट बुलेव्हार्ड'मध्ये (1950) तो पत्ते खेळायला बसलेला आहे, क्षणभरच. 'लाइमलाइट'मध्ये (1952) चॅप्लिनबरोबरचं संगीताच्या कार्यक्रमाचं दृश्य पाहा. बाकीचा चित्रपट चॅप्लिनचा आहे. मानद ऑस्कर 1960 मध्ये मिळालं. नाटककार सॅम्युएल बेकेटच्या 'फिल्म'मध्ये (1965) कॅमेरा जवळजवळ शेवटपर्यंत त्याच्या पाठीमागे राहतो. तो सगळ्यात शेवटी पाहा. ज्याने कीटनचा चेहरा खूप पाहिला आहे त्यालाच त्याची झळ लागते.

चार जणांना दाखवायचा असेल तर

कीटनचे 1920 ते 1928 चे मूकपट अमेरिकेत स्वामित्वहक्कातून मुक्त झाले आहेत, आणि भारतीय कायद्यात चित्रपटाला प्रकाशनानंतर 60 वर्षांचंच संरक्षण असल्याने इथेही. पण नव्या प्रतीवरचं संगीत नवं असतं आणि त्याचा हक्क वेगळा असतो. सोसायटीत किंवा शाळेत जाहीर खेळ लावताना एकतर संगीताची परवानगी घ्या किंवा आवाज बंद करून कुणाला तरी थेट वाजवायला बसवा. पडदा 6 फूट रुंद असेल तर चित्र साडेचार फूट उंच येईल. तेवढ्या पडद्याला 30-40 माणसं पुरे.

पेटी-तबला वाजवणारा तयार झाला तर त्याला दोनच गोष्टी सांगा. प्रत्येक पडण्यावर सम गाठायची नाही, कारण आधीच ठेका सूचना देतो आणि हसू निसटतं. आणि भिंत कोसळते तेव्हा वाजवणं थांबवायचं. चित्रपट त्याने किमान दोनदा आधी पाहिलेला असावा.

सरतेशेवटी कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाचे दोन लघुपट, दोन्ही त्यांच्या संकेतस्थळावर आहेत. 'द रेलरॉडर' (1965) 24 मिनिटांचा, रंगीत, संवादाशिवाय: कीटन छोट्या रेल्वे-ट्रॉलीवर बसून कॅनडा एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत ओलांडतो. तो पाहून झाल्यावर त्याच्या चित्रीकरणावरचा 'बस्टर कीटन राइड्स अगेन' लावा, 55 मिनिटांचा. उंच पुलावरून ट्रॉली जात असताना अंगभर नकाशा गुंडाळला गेला आहे, असा गॅग कीटनला हवा असतो. तरुण दिग्दर्शक जेरल्ड पॉटर्टनला ते धोक्याचं वाटतं, तो सपाट जागा सुचवतो. 69 वर्षांचा, दमेकऱ्यासारखा खोकणारा कीटन डब्यात बसून चिडचिड करतो: धोका नकाशात नाही, पुलाशिवाय गॅगच उरत नाही, असं त्याचं म्हणणं. शेवटी पुलावरच घेतात. मग पुन्हा 'द रेलरॉडर'मधलं ते दृश्य काढून बघा, कॅमेरा किती लांब ठेवला आहे ते.